‘उप’ म्हणजे जवळ, मग ‘उपेक्षा’ म्हणजे काय? : शब्दजोडणीच्या एका संचाचे परीक्षण

उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून शब्दाचा अर्थ कसा उभा राहतो, हे मुलांना हाताने करून पाहता यावे म्हणून तयार केलेला लाकडी ठोकळ्यांचा एक संच गेले काही महिने माझ्या वापरात आहे. आठ ते बारा वर्षांच्या पाच-सहा मुलांना मी आठवड्यातून दोनदा मराठी शिकवते. त्यांच्याबरोबर हा संच इतक्या वेळा उघडला-मिटला गेला आहे, की पेटीचे झाकण आता दोऱ्याने बांधून ठेवावे लागते. झाकणाची तक्रार येथेच संपवते. ठोकळे स्वतः भक्कम आहेत, अक्षरे ठसठशीत आहेत, आणि मुलांच्या हाताळणीने फिकट होतील असे वाटत नाही. खरे बोलायचे आहे ते ठोकळ्यांवर काय छापले आहे आणि मागच्या बाजूला काय छापायला नको होते, त्याविषयी.

रचना सोपी आहे. निळ्या ठोकळ्यांवर उपसर्ग आहेत, पिवळ्यांवर मूळ आणि तांबड्यांवर प्रत्यय. निळ्याला फक्त उजवीकडे खाच आहे, तांबड्याला फक्त डावीकडे, आणि पिवळ्याला दोन्ही बाजूंना. त्यामुळे ‘पणा’ हा ठोकळा शब्दाच्या आरंभी किंवा ‘अति’ हा शेवटी बसतच नाही. कोणता घटक कोठे येतो हे सांगण्याची वेळ येत नाही, हाताला ते आपोआप कळते. एखाद्या मुलाला रंगांतला भेद नीट दिसत नसला, तरी खाचांच्या आकारावरून त्याचे काम अडत नाही, हेही नमूद करण्यासारखे आहे. याखेरीज पेटीत एक पांढरी गुळगुळीत लेखनपट्टी मिळते. जोडलेला शब्द तिच्यावर लिहायचा आणि पुसायचा. ही पट्टी माहितीपुस्तिकेत एका ओळीत उरकलेली आहे, परंतु माझ्या मते सबंध संचातील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. त्याचे कारण पुढे येईल.

संचाचा सर्वोत्तम भाग सांगायचा झाला, तर तो एकाच पिवळ्या ठोकळ्याभोवती फिरतो. ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे. एका संध्याकाळी मी बाकी सगळे ठोकळे बाजूला सारून हा एकच मध्ये ठेवला, त्याच्या उजवीकडे ‘आ’ हा प्रत्यय लावला आणि डावीकडे एकेक निळा ठोकळा लावून पाहण्यास मुलांना सांगितले. परि लावले तेव्हा परीक्षा झाली, प्रति लावले तेव्हा प्रतीक्षा, अप लावले तेव्हा अपेक्षा, उप लावले तेव्हा उपेक्षा आणि सम् लावले तेव्हा समीक्षा. नंतर ‘आ’ काढून ‘अक’ लावल्यावर परीक्षक, प्रेक्षक आणि निरीक्षक ही माणसे एकामागून एक हजर झाली. ज्या परीक्षेची मुलांना धास्ती असते आणि जो प्रेक्षक नाटकाला जाऊन बसतो, ते दोघे एकाच घरचे आहेत, या शोधाने त्यांना जो आनंद झाला, तो मी दहा वेळा फळ्यावर तक्ता काढूनही कधी देऊ शकले नव्हते. सर्व बाजूंनी, चहूकडून पाहणे ती परीक्षा. कोणाच्या तरी वाटेकडे पाहणे ती प्रतीक्षा. आपण वाचत आहात त्या या लेखनाला ‘परीक्षण’ म्हणतात, तेही याच कुळातले.

या खेळातून शुद्धलेखनाचा जो लाभ झाला, तो मला अनपेक्षित होता (या शब्दातही ‘ईक्ष्’ दडलेला आहे, हे एका मुलीने माझ्या आधी ओळखले). ‘परीक्षा’तील री दीर्घ आणि ‘परिणाम’मधील रि ह्रस्व का, या प्रश्नाला आजवर माझ्याकडे ‘पाठ करा’ हेच उत्तर होते. ठोकळे समोर असले, की ‘परि’चा शेवटचा इ आणि ‘ईक्षा’चा पहिला ई मिळून एकच दीर्घ ई होतो हे डोळ्यांना दिसते. ‘परिणाम’मध्ये पुढे ई नाहीच, म्हणून तेथे ‘परि’ जशीच्या तशी राहते. ‘प्रतिज्ञा’ ह्रस्व आणि ‘प्रतीक्षा’ दीर्घ, हे त्याच नियमाने सुटते. एका मुलाने लगेच ‘शिक्षा’ म्हणजे ‘शि’ अधिक ‘ईक्षा’ असा दावा मांडला, तेव्हा दुसऱ्याने त्याला शिक्षेतील शि ह्रस्व असल्याचे दाखवून गप्प केले. मग पहिल्याने ‘दीक्षा’ पुढे केली! दीक्षेतील दी दीर्घ आहे खरा, परंतु तेथे धातूच, म्हणजे क्रियेचे मूळच, ‘दीक्ष्’ असा स्वतंत्र आहे, हे मला सांगावे लागले. दीर्घ ई दिसली म्हणजे आत ‘ईक्ष्’ असलाच पाहिजे असे नाही, हाही धडा त्यातून मिळाला.

आता दोषाकडे येते. प्रत्येक निळ्या ठोकळ्याच्या मागे त्या उपसर्गाचा अर्थ छापलेला आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी एका किंवा दोन शब्दांत आहे. ‘प्र’च्या मागे ‘मोठे, पुढे’ आहे. ‘उप’च्या मागे ‘जवळ, दुय्यम’ आहे. ‘अप’च्या मागे ‘वाईट’ आहे. उपनगर आणि उपप्राचार्य यांच्यापुरते हे चालते. अपयश, अपकीर्ती आणि अपशकुन यांच्यापुरतेही चालते. परंतु मूल अर्थ वाचते ते जोडणी करण्यासाठी, आणि वाचलेला अर्थ ते प्रामाणिकपणे शेवटपर्यंत लावत जाते. ‘हार’ या पिवळ्या ठोकळ्याला ‘प्र’ लावल्यावर एका मुलाने ठोकळा उलटवला, मागचा अर्थ वाचला आणि ‘प्रहार’ म्हणजे गळ्यात घालायचा मोठा हार, असे सांगितले. त्याची चूक नव्हती. पिवळ्या ठोकळ्यावर ‘हार’ एवढेच छापले आहे, त्यामागे ‘हृ’ म्हणजे नेणे, हरण करणे हा धातू आहे याचा उल्लेख नाही, आणि निळ्या ठोकळ्याने त्याला ‘मोठे’ असे सांगितले होते. दुसऱ्या एका मुलीचा प्रश्न त्याहून नेमका होता. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे, तर उपेक्षा म्हणजे जवळून पाहणे व्हायला हवे. मग तिचा अर्थ दुर्लक्ष कसा? आणि ‘अप’ म्हणजे वाईट, तर अपेक्षा म्हणजे वाईट नजर का नाही?

हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीचा असला, तरी तो फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन संस्कृत ग्रंथात, आरंभीच शाकटायन आणि गार्ग्य या दोन जुन्या पंडितांची मते नोंदलेली आहेत. शाकटायनाचे म्हणणे असे, की उपसर्ग सुटे असताना त्यांना स्वतःचा निश्चित अर्थ नसतो. नाम किंवा क्रियापद यांच्या अर्थातील एखादा विशेष ते उजळून दाखवतात. गार्ग्याचे म्हणणे असे, की उपसर्गांना अर्थ असतात, आणि ते नानाविध असतात. हा संच तयार करणाऱ्यांनी गार्ग्याची बाजू घेतली म्हणावे, तर त्यांनी ‘नानाविध’ हा शब्द गाळला आहे. व्याकरणाच्या परंपरेत एक श्लोक प्रसिद्ध आहे, ज्यात उपसर्ग हा धातूच्या अर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो असे म्हटले आहे आणि उदाहरणे म्हणून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार हे पाच शब्द दिले आहेत. ‘बळाने’ हा त्यातील शब्द मला विशेष आवडतो, कारण मुलांना जे जाणवते ते नेमके तेच असते. हरण करणारा तोच एक धातू, आणि त्याला कोणी जेवणाकडे ओढतो, कोणी भटकंतीकडे, कोणी संपूर्ण नाशाकडे.

यावर मी काढलेला उपाय अगदी साधा आहे. सर्व निळ्या ठोकळ्यांच्या मागे कोरा कागद चिकटवला. नंतर नियम असा केला, की एका उपसर्गाचे किमान चार शब्द जोडून झाल्याशिवाय त्याच्या मागे काही लिहायचे नाही, आणि लिहायचे ते मुलांनी स्वतः, शिसपेन्सिलीने. ‘अनु’च्या मागे आता ‘मागून जाणे’ असे लिहिलेले आहे, कारण अनुकरण, अनुयायी, अनुगमन आणि अनुवाद हे चार शब्द त्यांनी आधी जोडले होते. अनुवादात कोण कोणाच्या मागून जातो यावर बराच वाद झाला आणि शेवटी आधी कोणीतरी बोललेले मागून पुन्हा बोलणे, असे ठरले. ‘वि’च्या मागे तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलेले आहे. विज्ञानातला ‘वि’ विशेष ज्ञानाचा, विफळमधला ‘वि’ अभावाचा, वियोगातला ‘वि’ वेगळे होण्याचा. छापील एका शब्दापेक्षा ही खाडाखोड मला अधिक खरी वाटते.

लेखनपट्टीची गोष्ट आता सांगते. ठोकळे शेजारी ठेवून शब्द तयार होतो, ही कल्पना ज्या लिपीत अक्षरे ओळीने एकापुढे एक येतात, त्या लिपीत बरी चालते. देवनागरीत ती पहिल्याच पायरीवर अडखळते. ‘श्रम’ला ‘इक’ जोडला तर ठोकळ्यांवर दिसते ‘श्रमइक’. लिहायचे असते ‘श्रमिक’, आणि त्यात जी इ आपण म च्या नंतर उच्चारतो, तिची वेलांटी म च्या आधी काढावी लागते. ठोकळ्याला ही उडी मारता येत नाही. त्यातही मराठीत या प्रत्ययाचे बहुतेक शब्द पहिल्या अक्षराला हात लावल्याशिवाय तयार होत नाहीत: समाजाचे सामाजिक, इतिहासाचे ऐतिहासिक, उद्योगाचे औद्योगिक, भूगोलाचे भौगोलिक, दिनाचे दैनिक. शेवटी जोडलेल्या तुकड्यामुळे सुरुवातीचा स्वर का बदलावा, हे मुलांना मोठे अजब वाटते, आणि ते तसे आहेही. एकाने त्याला ‘शेपटी ओढली की तोंड उघडते’ असे नाव दिले, जे आमच्या वर्गात आता पारिभाषिक संज्ञेसारखे वापरले जाते. ही सगळी घडामोड ठोकळ्यांवर होत नाही, पट्टीवर होते. ठोकळे कच्चा माल दाखवतात आणि पट्टी पक्का शब्द, आणि शिकणे घडते ते या दोहोंच्या मधल्या अंतरात. इतक्या महत्त्वाच्या वस्तूची एकच प्रत पेटीत असावी, ही मला समजून न आलेली काटकसर आहे. पाच मुलांत एक पट्टी म्हणजे चार मुले नुसती बघत बसणार.

संधीच्या बाबतीत पुस्तिकेने मौन पाळले आहे. ‘सम्’चा ठोकळा ‘गम’ला लावला तर संगम होतो आणि ‘ईक्षा’ला लावला तर समीक्षा, म्हणजे पुढे व्यंजन असेल तर म् चा अनुस्वार होतो आणि स्वर असेल तर म् त्या स्वराला धरून पूर्ण उभा राहतो, हा नियम मुलांनी संतोष, संवाद, समाचार आणि समादर हे शब्द लिहून स्वतः काढला. पण ‘दुर्’चा ठोकळा ‘काळ’ला लावून ‘दुर्काळ’ असा शब्द तयार होतो आणि दुष्काळाकडे जाण्याची वाट पुस्तिका दाखवत नाही. ‘उद्’ आणि ‘ज्वल’ जोडून काय होते हेही सांगत नाही, हे तर फारच वाईट, कारण ‘उज्ज्वल’ हा शब्द किती सुशिक्षित माणसे एकाच ज ने लिहितात हे फलकांवर पाहावे. उद् मधल्या द् चा ज् झाला, मूळचा ज् तेथे होताच, म्हणून दोन. एकदा हे ठोकळ्यांवर पाहिलेले मूल पुन्हा एक ज लिहीत नाही. त्याचप्रमाणे ‘दुर्’ अधिक ‘अवस्था’ पट्टीवर लिहिले, की ‘दुरवस्था’ होते. ‘दुरावस्था’ लिहिणाऱ्याने तो जादा काना कोठून आणला, असा प्रश्न आता माझ्या वर्गात मोठ्यांना विचारला जातो.

याच जातीचा आणखी एक लाभ ‘त्व’ या तांबड्या ठोकळ्याने दिला. महत् अधिक त्व, तत् अधिक त्व, सत् अधिक त्व: प्रत्येक ठिकाणी मुळाचा त् आणि प्रत्ययाचा त् असे दोन आहेत, म्हणून महत्त्व, तत्त्व आणि सत्त्व. नेतृत्व, कर्तृत्व, स्वामित्व यांत मुळाच्या शेवटी त् नाही, म्हणून एकच. व्यक्तिमत्त्वात मूळ ‘व्यक्तिमत्’ आहे, म्हणून तेथे पुन्हा दोन. नियम पाठ न करता हा भेद करता येतो, हे पाहून मला स्वतःच्या शाळकरी वर्षांची थोडी हळहळ वाटली. ‘अन’ या ठोकळ्याचीही गोष्ट अशीच आहे. लेखन, वाचन आणि पठन यांत तो जसाच्या तसा राहतो, पण भाषण, रक्षण, स्मरण आणि निरीक्षण यांत त्याच्या न चा ण होतो. ठोकळ्यावर न आहे आणि शब्दात ण आहे, तर ण कोठून आला, हा प्रश्न मुलांनीच विचारला. दोन्ही गटांतील शब्द एकाखाली एक लिहिल्यावर, ण असलेल्या शब्दांत आधी कोठेतरी र किंवा ष आहे हे त्यांच्या लक्षात आले. ‘रक्षण’ आणि ‘निरीक्षण’ यांतल्या क्ष मध्येही ष लपलेला आहे, एवढेच मी सांगितले.

संस्कृतातून आलेल्या घटकांबाबत संच इतका समृद्ध असताना, मराठीच्या घरच्या घटकांकडे मात्र त्याने पाठ फिरवली आहे. हा माझा दुसरा मोठा आक्षेप आहे. बे, गैर, ना, बिन हे उपसर्ग फारसी-अरबीतून किंवा आपल्याच वाटेने येऊन मराठीत इतके मुरले आहेत, की ते कोणत्याही शब्दाला बिनतक्रार चिकटतात. ‘सावध’ संस्कृतकडचा, पण बेसावध होतो. ‘समज’ देशी वळणाचा, पण गैरसमज होतो. मुलांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द याच कारखान्यातले असतात, आणि संचात त्यांच्यापैकी केवळ ‘बे’ आणि ‘गैर’ आहेत. या दोनच ठोकळ्यांनीही मजा केली. ‘बेजबाबदारपणा’ हा शब्द आम्ही थरांनी उभा केला: जबाबाला दार लागला तेव्हा जबाबदार, त्याला बे लागला तेव्हा बेजबाबदार, आणि मग पणा. आधी पणा लावला तर? ‘जबाबदारपणा’ कोणी म्हणत नाही, तेथे ‘जबाबदारी’ हा तयार शब्द जागा अडवून बसलेला आहे. आणि ‘बेजबाबदारी’ मात्र थोडी कानाला खटकते. घटक कोणते, एवढेच महत्त्वाचे नसून ते कोणत्या क्रमाने लागले यालाही अर्थ असतो, हे या एका शब्दाने शिकवले. दुर्दैवाने एका मुळाला दोन तांबडे ठोकळे लावायचे, तर दुसऱ्या ठोकळ्यासाठी पहिल्याला उजवीकडे खाच नाही, म्हणून आमचा ‘पणा’ नुसताच शेजारी टेकवून ठेवावा लागला.

प्रत्ययांत आळू, पणा, कर, रा, का, आऊ, णावळ असे जे अस्सल मराठी प्रत्यय आहेत, त्यांपैकी पेटीत फक्त ‘आळू’ आणि ‘पणा’ आहेत. बाकीचे आम्ही पुठ्ठ्याचे कापून केले, आणि संचाबाहेरच्या या तुकड्यांनी सर्वांत रंगलेली संध्याकाळ दिली. हसणारा हसरा, लाजणारा लाजरा, नाचणारा नाचरा. मग रडणारा रडरा का नाही, रडका का? मुलांनी ‘का’चे शब्द गोळा केले: रडका, पडका, फुटका, तुटका, गळका, कुजका, मळका. यादी वाचून झाल्यावर सर्वांत धाकट्या मुलाने निर्णय दिला, की ज्याचे काहीतरी बिघडले आहे त्याला ‘का’ लागतो. बोचरा आणि दुखरा हे ‘रा’चे शब्दही फारसे सुखाचे नाहीत, हे मी दाखवून दिले, त्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि ‘पण ते तुटलेले नाहीत ना, ताई’ असे म्हणाला. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले आणि आता असे दोन आहेत, तर काय म्हणाल, असे विचारले होते. मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन इंग्रजीच्या नियमाने बरोबर केले, आणि मुले शब्द केवळ ऐकून साठवत नाहीत, तर त्यांच्या मनात घडणीचे नियम तयार असतात, हे त्यावरून दिसले. तोच प्रकार आम्ही मराठीत करून पाहिला. ‘खिपणे’ असे एक क्रियापद मी बनवले आणि सारखे खिपणाऱ्या मुलाला काय म्हणाल, असे विचारले. खिपरा, खिपाळू, खिपका, खिपकर अशी उत्तरे आली. यांपैकी तुमच्या शेजारी बसायला कोण आवडेल, या प्रश्नाला ‘खिपका’ सोडून कोणीही, असे एकमुखी उत्तर मिळाले. ज्या शब्दाला अर्थच नाही, त्याच्या शेपटीवरून माणूस ओळखता येतो, हा प्रत्ययाचा महिमा. पाच-सहा मुलांवरून सिद्धान्त मांडण्याची माझी इच्छा नाही; परंतु पुस्तिकेने अशा नव्या शब्दांना ‘चुकीची जोडणी’ म्हणून गुण वजा करण्यास सांगितले आहे, ते मला मान्य नाही. ‘रडरा’ म्हणणाऱ्या मुलाला नियम कळलेला असतो, फक्त त्या नियमाची हद्द कळलेली नसते, आणि या दोन गोष्टींना सारखेच वजा गुण देणे अन्यायाचे आहे.

जोडण्याचा नाद लागला, की मुले फोडण्याकडे वळतात, आणि तेथे वेगळे संकट उभे राहते. बेडूक म्हणजे डूक नसलेला. परात म्हणजे परा अधिक त. सुतार म्हणजे चांगली तार. अननस म्हणजे ज्याला नस नाही असा. हसून झाल्यावर यातला प्रत्येक शब्द कोठून आला हे सांगावे लागते: सुतारामागे ‘सूत्रधार’ आहे, परात आणि अननस पोर्तुगिजांबरोबर आलेले आहेत. यांहून फसवे शब्द ते, ज्यांत उपसर्ग आहे पण मुलाने ओळखला तो नाही. ‘अपूर्ण’मध्ये ‘अप’ नाही, ‘अ’ आहे. ‘अनुचित’मध्ये ‘अनु’ नाही, ‘अन्’ आहे, कारण नकाराचा अ पुढे स्वर आला की अन् होतो. कसोटी एकच सांगितली: तुकडा काढल्यावर जे उरते, त्याला त्या शब्दाशी जुळणारा अर्थ हवा. ‘उचित’ला आहे, ‘चित’ला येथे नाही. शाकटायन आणि गार्ग्य यांचा याही बाबतीत वाद होता, सगळीच नामे धातूंपासून निघतात की काही निघत नाहीत असा, आणि बेडकाच्या प्रसंगानंतर मी गार्ग्याच्या पक्षात आहे. संचात अशा फसव्या शब्दांचा एकही ठोकळा नाही. दहा-बारा असते तर खेळाला धार आली असती.

पुस्तिकेविषयी थोडक्यात सांगायचे तर, ती न वाचली तरी चालेल. एका मिनिटात सर्वांत जास्त शब्द कोण करतो, हा तिने सुचवलेला मुख्य खेळ आहे, आणि तो मुलांना अर्थाकडे न पाहता खाचा जुळवण्याची सवय लावतो. शेवटी जोडलेली इंग्रजी शब्दांची छोटी पुरवणी मात्र बरी निघाली. तिच्यात ‘पोर्ट’ हे लॅटिनमधून आलेले, वाहून नेणे या अर्थाचे मूळ घेऊन इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट हे शब्द दाखवले आहेत. मी त्याच्या शेजारी आपला ‘वह्’ मांडला: वाहन, वाहक, प्रवाह, निर्वाह, विवाह आणि आवाहन. या निमित्ताने ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत, पहिला ‘वह्’चा आणि दुसरा बोलावणे या अर्थाच्या ‘ह्वे’चा, हेही एकदाचे स्पष्ट झाले.

हा संच घ्यावा, असे माझे मत आहे, परंतु मुलाच्या हाती देऊन मोठ्यांनी बाजूला होण्याजोगा तो नाही. आठ वर्षांखालील मुलांना ‘ईक्ष्’सारखी पाय मोडलेली मुळे झेपत नाहीत, त्यांच्यासाठी पणा, आळू, बे आणि गैर एवढेच ठोकळे काढून द्यावेत आणि पुठ्ठ्याचे रा, का, कर त्यांत मिसळावेत. नऊ-दहाच्या पुढे पूर्ण पेटी उघडावी. घेतल्यावर पहिल्या दिवशी दोन कामे करावीत: निळ्या ठोकळ्यांच्या मागे कागद चिकटवावा, आणि मुले जितकी असतील तितक्या लेखनपट्ट्या कोठूनतरी मिळवाव्यात. आमच्याकडे जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून त्या केल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवर गेल्या आठवड्यापासून ‘वि’चा चौथा अर्थ लिहिलेला आहे, जो पुसायचा की नाही यावर अजून एकमत झालेले नाही.